वाट बदलताना : १८८६ सालची एक अडवलेली सायकलयात्रा



इंदुरात वाढलेल्या माणसाला एबी रोड समजावून सांगावा लागत नाही. आग्रा आणि मुंबई ही दोन टोके आपण दोन अक्षरांत बसवली आणि मधला सगळा मुलूख गृहीत धरला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांचा इतिहास या रस्त्याच्या, किंवा त्याच्याही आधीच्या कच्च्या वाटांच्या काठाने घडलेला आहे. कोणी होळकरांच्या वा शिंद्यांच्या लष्करामागून आले, कोणी दफ्तर लिहायला आले, कोणी देवळाची पूजा सांभाळायला, तर कोणी नुसते काशीला निघाले होते. 'निघाले कुठे आणि राहिले कुठे' अशी एखादी गोष्ट बहुतेक घरांत ऐकायला मिळते. कुलवृत्तान्त लिहिताना मात्र आपण मूळ गाव लिहितो आणि आजचे गाव लिहितो. वाट जिथे बदलली ते ठिकाण लिहायचे राहून जाते.

आजचे माझे व्याख्यान त्या राहून गेलेल्या ठिकाणाविषयी आहे. उदाहरण मात्र मी आपल्या घराण्यांतले घेतलेले नाही. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या टॉमस स्टीव्हन्सचे ते आहे. १८८६ च्या वसंत ऋतूत अफगाणिस्तानात त्याची वाट अडवली गेली आणि हजारो मैलांचा वळसा घेऊन त्याला हिंदुस्थानात यावे लागले. हा वळसा का पडला, तो कोणी पाडला, आणि त्याचा हिशेब कसा मांडायचा, या तीन प्रश्नांपुरते मी बोलणार आहे.

पन्नास इंची चाक

स्टीव्हन्सचा जन्म १८५४ चा, इंग्लंडमधल्या बर्कमस्टेडचा. तरुणपणीच तो अमेरिकेत गेला. त्याची सायकल आज आपण ज्याला सायकल म्हणतो तशी नव्हती. पुढचे चाक पन्नास इंचांचे, म्हणजे सव्वा मीटरहून थोडे मोठे, मागचे अगदी लहान, आणि बसायची जागा पुढच्या चाकाच्या वर. साखळी नाही, पायटे सरळ पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे सुमारे चार मीटर वाट. टायर भरीव रबराचे आणि अरुंद. रस्ता कठीण आणि सपाट असला की ही गाडी छान धावे. वाळू लागली की चाक रुते, आणि दगड आडवा आला की स्वार डोक्यावरून पुढे फेकला जाई.

२२ एप्रिल १८८४ रोजी त्याने सॅन फ्रान्सिस्को सोडले. सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, पांघरूण आणि तंबू या दोन्हींचे काम करणारा रेनकोट, आणि एक पिस्तूल. सिएरा नेव्हाडा पर्वतात रस्त्यावर बर्फ होते, म्हणून तो आगगाडीसाठी बांधलेल्या लाकडी बोगद्यांतून सायकल हातात धरून चालत गेला. ४ ऑगस्टला तो बोस्टनला पोचला. सुमारे ३,७०० मैलांच्या या वाटेला साडेतीन महिन्यांच्या आसपास लागले, आणि तीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्याला पायीच तुडवावा लागला. लांबच्या सायकलयात्रेतले हे सत्य तेव्हापासूनचे आहे : नकाशावर आपण सायकल चालवतो, प्रत्यक्षात बऱ्याच वेळा ती ढकलतो.

पुढच्या वर्षी 'आउटिंग' नावाच्या मासिकाने त्याला बातमीदार म्हणून पुढच्या प्रवासाला धाडले. मे १८८५ मध्ये तो लिव्हरपूलहून निघाला. फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, सर्बिया, बल्गेरिया ओलांडून तो कॉन्स्टँटिनोपलला आला. तिथून आनातोलियाचे पठार चढून इराणात शिरला आणि हिवाळ्यात तेहरानला थांबला. नसिरुद्दीन शहाला त्याने सायकल चालवून दाखवली. इथपर्यंतची वाट ठरल्याप्रमाणे झाली होती. आता पुढे पूर्वेला जायचे होते.

सराई, मजल, परवाना

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो. स्टीव्हन्स ज्या मुलखातून जात होता तिथली प्रवासाची भाषा आपल्या कानाला परकी नाही. कारवाँ जिथे उतरे ती सराई. दिवसभराच्या चालीला मंझिल म्हणत. आपली 'मजल दरमजल' त्याच शब्दातून आली. मुक्काम, सफर, परवाना, दस्तक, राहदारी, सरहद्द, हे सगळे शब्द फारसी दफ्तरातून मराठी दफ्तरात उतरलेले आहेत. आपल्या पूर्वजांनी नर्मदा ओलांडली तेव्हा त्यांच्या कमरेला असलेले राहदारीचे दस्तक आणि स्टीव्हन्सला हवा असलेला परवाना ही एकाच व्यवस्थेतली भावंडे होत. वाट पायाने चालायची असते, पण ती उघडते कागदाने, हे शहाण्या प्रवाशाला दोन्ही काळांत माहीत होते.

स्टीव्हन्सच्या मनात तुर्कस्तान आणि सायबेरियातून, म्हणजे रशियाच्या ताब्यातल्या मुलखातून, चीनकडे जायचे होते. रशियाने परवानगी नाकारली. तेव्हा त्याने दुसरी वाट मनाशी धरली : इराणच्या पूर्व भागातून अफगाणिस्तानात शिरायचे, कंदाहार गाठायचे आणि तिथून क्वेट्ट्यावरून हिंदुस्थानात उतरायचे. १० मार्च १८८६ ला त्याने तेहरान सोडले. मशहदपर्यंत गेला, तिथून दक्षिणेला बिरजंदच्या बाजूने वळला आणि वैराण पट्टा ओलांडून अफगाण हद्दीत शिरला. अमीराचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. हिंदुस्थान सरकारही युरोपीय प्रवाशांना अमीराच्या मुलखात सहसा जाऊ देत नसे. आपण एकटे आहोत, निरुपद्रवी आहोत, चाकावर बसून एखाद्या आठवड्यात निघून जाऊ, अशा हिशेबावर त्याने ही जोखीम घेतली.

फराहच्या परिसरात तो पकडला गेला. तिथून कंदाहार सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास राहिले होते. पहारा देऊन त्याला उलट दिशेला, उत्तरेला हेरातकडे नेण्यात आले. तिथे काही काळ ठेवून घेतल्यावर शिपायांच्या सोबतीने त्याला पुन्हा इराणच्या हद्दीत पोचवले गेले. चारीमुंड्या चीत झालेल्या पैलवानासारखा तो मशहदला परत आला.

हेरातच्या बाजूने पाहिले तर

प्रवासवर्णनांत अशा प्रसंगाचा खलनायक ठरलेला असतो. रस्ता अडवणारा अधिकारी हा हटवादी, संशयी, अडाणी. स्टीव्हन्सच्या दोन खंडांच्या पुस्तकातही परक्या लोकांविषयी तुच्छतेचे शेरे जागोजागी येतात. त्या काळच्या युरोपीय लेखनाचा तो सार्वत्रिक दोष आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान एकदा तरी दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहावे. १८८६ च्या वसंतात हेरातच्या हाकिमाला काय दिसत होते?

आदल्या वर्षी, ३० मार्च १८८५ रोजी, पंजदेह येथे रशियन फौजेने अफगाण फौजेवर हल्ला केला होता आणि तो भाग ताब्यात घेतला होता. अमीर अब्दुर रहमान त्याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनच्या भेटीसाठी रावळपिंडीला आला होता. रशिया आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटते की काय, अशी त्या वर्षी परिस्थिती होती. रशियन फौज पुढे सरकली तर पहिले मोठे शहर लागणार ते हेरात. म्हणून तटाभोवतालची जागा मोकळी करायचे ठरले. तोफेच्या माऱ्याला आडोसा राहू नये यासाठी ब्रिटिश लष्करी सल्ल्याने गौहरशाद बेगमेच्या काळातला, पंधराव्या शतकातला मुसल्ला १८८५ मध्ये पाडून टाकला गेला. तैमूरी घराण्याच्या वैभवाची ती खूण. तिचे थोडेसे मिनार तेवढे उभे राहिले. आणि १८८६ मध्येही सरहद्द आखणारे ब्रिटिश आणि रशियन आयोग त्याच प्रदेशात खांब रोवत हिंडत होते.

अशा वेळी पश्चिमेकडून एक इंग्रजी बोलणारा माणूस येतो. जवळ परवाना नाही. वर्तमानपत्रासाठी टिपणे लिहितो. कोणी कधी न पाहिलेल्या एका यंत्रावर बसतो आणि सांगतो की मी जगाची प्रदक्षिणा करीत आहे. श्रोतेहो, आपण त्या हाकिमाच्या जागी असतो तर काय केले असते? शहर स्वतःची मशीद सुरुंगाने उडवून लढाईची वाट पाहते आहे, आणि या पाहुण्याला तटबंदी दाखवत पुढे जाऊ द्यायचे?

दुसरीही बाजू त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. हा फिरंगी कंदाहारच्या वाटेवर कुठे मारला गेला, तर त्याचा जाब अमीराला द्यावा लागणार होता. १८७९ मध्ये काबूलला इंग्रज वकील लुई कॅव्हेन्यारी मारला गेला आणि त्यानंतर ब्रिटिश फौज काबुलावर चालून गेली, ही गोष्ट तेव्हा फक्त सात वर्षांची जुनी होती. एका परक्याचा जीव म्हणजे राज्यावर संकट, हे अफगाण अधिकाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

म्हणून त्यांनी जे केले ते मला फार समंजस वाटते. त्याला पुढे जाऊ दिले नाही, लुटले नाही, मारले नाही. खायला दिले, सायकल त्याच्याबरोबर राहू दिली आणि पहाऱ्यात सरहद्दीपार नेऊन सोडले. पुस्तकात जे अडवणारे म्हणून येतात, तेच त्याला जिवंत परत पाठवणारे होते.

वळसा

आता तो वळसा पाहा. मशहदहून पश्चिमेला, ज्या वाटेने आला त्याच वाटेवर बराच अंतरापर्यंत परत. मग उत्तरेला कास्पियन समुद्राचा काठ. तिथून आगबोटीने बाकू. बाकूपासून काळ्या समुद्रावरच्या बातुमपर्यंत आगगाडी. ती लोहमार्गाची वाट नुकतीच, १८८३ मध्ये, पुरी झाली होती. बातुमहून पुन्हा आगबोट आणि पुन्हा तेच कॉन्स्टँटिनोपल, जिथून वर्षापूर्वी तो निघाला होता. नंतर समुद्रमार्गे कराची आणि कराचीहून आगगाडीने लाहोर. कंदाहारच्या वाटेने काही आठवड्यांत जिथे पोचायचे, तिथे पोचायला त्याला आशियाच्या पश्चिम टोकापर्यंत मागे जावे लागले.

यात एक गमतीचा धडा आहे. ज्या रशियाने त्याला आपल्या मुलखातून सायकल चालवू दिली नाही, त्याच रशियाची आगबोट आणि आगगाडी त्याला तिकीट काढून मिळाली. राज्यांना माणसाच्या हलण्याची भीती सरसकट नसते. ठरलेल्या रुळांवरून, ठरलेल्या स्टेशनांच्या मधून जाणारा माणूस चालतो. त्याचे नाव, वेळ आणि ठिकाण कळते. मनाला येईल तिथे वळणारा, खेड्यात मुक्काम करणारा, वाट विचारत जाणारा माणूस मात्र अडचणीचा होतो. आपल्याकडेही बैरागी, बंजारे आणि भटके यांच्याविषयी सरकारी दफ्तरांची नजर एकोणिसाव्या शतकात अशीच कडक होत गेली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा हे त्याचे सर्वांत क्रूर रूप.

लाहोरला तो पुन्हा सायकलीवर बसला आणि ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्याकडे निघाला. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. उकाडा आणि दमट हवा यांनी तो हैराण झाला. पण रस्ता मात्र असा मिळाला की साऱ्या आशियात त्याला तसा मिळाला नव्हता. कंकर कुटून पक्का केलेला पृष्ठभाग, दुतर्फा झाडे, मैलाचे दगड, डाकबंगले. अंबाला, दिल्ली, आग्रा, कानपूर, प्रयाग, काशी असे करीत तो कलकत्त्याला पोचला. पुढे जहाजाने हाँगकाँग, दक्षिण चीन आणि शेवटी जपान. चीनमध्येही त्याची वाट बदलली. १८८४-८५ मध्ये फ्रान्सशी झालेल्या युद्धाचा राग तिथल्या लोकांच्या मनात ताजा होता. जमाव त्याच्या अंगावर धावून आला आणि चिनी अधिकाऱ्यांनीच त्याला आश्रय देऊन संरक्षणात पुढे रवाना केले. १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामा येथे त्याची सायकलयात्रा संपली. चाकावरची एकूण वाट सुमारे १३,५०० मैल भरली.

हा सगळा प्रवास पाहिला म्हणजे ध्यानात येते की वाट तीन जण मिळून ठरवतात. पहिली जमीन : बर्फ, वाळू, नदी, चढ. हिच्याशी प्रवासी तडजोड करू शकतो. उतरून चालतो, खांद्यावर घेऊन ओढा ओलांडतो. दुसरे राज्य : त्याच्याशी तडजोड करायला कागद लागतो, आणि कागद नसला तर सगळी ताकद पायांत असूनही उपयोग होत नाही. तिसरा, वाट सांगणारा माणूस. अनोळखी मुलखात पुढच्या गावी पाणी आहे का, नदीला उतार कुठे मिळेल, हे नकाशा सांगत नाही. विहिरीवरची बाई सांगते, उंटवाला सांगतो, सराईचा राखणदार सांगतो. या तिसऱ्या माणसाचे नाव पुस्तकात नसते. स्टीव्हन्सच्या प्रवासाला पहिल्या दोघांनी वळणे दिली. तो टिकून राहिला तो या तिसऱ्याच्या जिवावर.

ज्याला कोणी अडवले नाही

अडवले जाणे हे नेहमी दुर्दैव नसते, हे सांगायला मला दुसऱ्या एका तरुणाची गोष्ट सांगावी लागते. फ्रँक लेंझ हा पिट्सबर्गचा. १८९२ मध्ये तो पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, त्याच 'आउटिंग' मासिकासाठी. तोपर्यंत दोन्ही चाके सारखी असलेली आणि हवेच्या टायरची सायकल आली होती. अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान आणि इराण ओलांडून मे १८९४ मध्ये त्याने तब्रीझ सोडले आणि तुर्कस्तानातल्या एर्झुरुमकडे वाट धरली. आर्मेनियन आणि कुर्द वस्तीचा तो मुलूख त्या वर्षी आतून धुमसत होता. लवकरच तिथे मोठ्या कत्तली व्हायच्या होत्या. लेंझला कोणी धरले नाही, परत पाठवले नाही, पहारा दिला नाही. तो एर्झुरुमला पोचला नाही. त्याचा शोध घ्यायला पुढच्या वर्षी मासिकाने विल्यम झाखट्लेबेन या सायकलस्वारालाच पाठवले. खून झाला एवढे कळले, देह मिळाला नाही.

हा झाखट्लेबेन स्वतः आपल्या हिशेबात महत्त्वाचा आहे. थॉमस ॲलन या मित्राबरोबर त्याने कॉन्स्टँटिनोपलपासून पेकिंगपर्यंत आशिया सायकलवरून ओलांडला होता. १८९१ मध्ये हे दोघे मशहदला पोचले, आणि रशियाने त्यांना तुर्कस्तानात येऊ दिले. ताश्कंदला हिवाळा काढून, गोबी वाळवंट पार करून १८९२ मध्ये ते पेकिंगला पोचले. पाच वर्षांपूर्वी स्टीव्हन्सला बंद असलेले दार त्यांना उघडे मिळाले. ते काही स्टीव्हन्सपेक्षा अधिक शूर होते म्हणून नव्हे. मधल्या काळात, १८८७ मध्ये, सरहद्दीचा तंटा कागदावर मिटला होता आणि १८८८ मध्ये रशियाचा लोहमार्ग समरकंदला पोचला होता. ज्या मुलखावर हात घट्ट बसला आहे, तिथे पाहुण्याची भीती कमी होते. प्रवाशाच्या यशापयशात त्याचे स्वतःचे कर्तृत्व किती आणि तो कोणत्या वर्षी तिथे पोचला याचा वाटा किती, हे वेगळे करून पाहायला ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

मुंबईची तरुण मंडळी

या गोष्टीचा एक धागा आपल्या बाजूलाही येतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. इराण ओलांडून, बगदाद ते अलेप्पो हे वाळवंट तुडवून ते युरोपात, मग अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम आणि ब्रह्मदेश असे करीत पूर्वेकडून हिंदुस्थानात आले. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले ते तिघे : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. एक तेहरानहून आणि एक अमेरिकेतून मागे फिरला होता, एक अमेरिकेतच राहिला. आपल्या घराण्यांच्या भाषेत सांगायचे तर तिघांचे कुलवृत्तान्त तिथेच वळले. मागे फिरलेल्यांविषयी आणि राहिलेल्यांविषयी कोणी सभा भरवीत नाही. पण अमेरिकेत थांबलेल्या त्या एकाचे मन आपल्याला, म्हणजे वाटेत थांबलेल्या लोकांच्या वंशजांना, कळायला हवे.

१९३३ मध्ये मुंबईहून आणखी तिघे निघाले : केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ. ते १९४२ मध्ये परतले. त्यांनी अफगाणिस्तानातून सायकल चालवली आणि त्यावर पुस्तक लिहिले. १८८६ मध्ये ज्या देशाने एका इंग्रजाला पहाऱ्यात बाहेर नेऊन सोडले, त्या देशातून जवळजवळ अर्ध्या शतकाने मुंबईची तीन पोरे गेली. अफगाणिस्तान १९१९ पासून आपला परराष्ट्र व्यवहार स्वतः पाहत होते. स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या हाती आली की पाहुण्याला आत घेण्याचा निर्णयही स्वतःचा होतो.

प्रदक्षिणा मोडली का?

शेवटचा प्रश्न हिशेबाचा. स्टीव्हन्सने बोटी घेतल्या, आगगाड्या घेतल्या, आलेल्या वाटेने हजारो मैल मागे गेला. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरांचा. त्याची चाकावरची वाट त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. मग याला प्रदक्षिणा म्हणायचे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जायला नको. ओंकारेश्वर आपल्यापासून किती जवळ! नर्मदा परिक्रमेचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे : मैया उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही तिचे पात्र ओलांडायचे नाही. मात्र नदी जिथे समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून मिठी तलाईपर्यंत नावेने जावे लागते, आणि त्या नावेने परिक्रमा मोडत नाही. पुढे सरदार सरोवराचे पाणी चढले, शूलपाणीच्या झाडीतली जुनी काठाची वाट बुडाली, मुक्कामाची गावे उठली. परिक्रमावासी लांबून, डोंगरामागून जाऊ लागले. परिक्रमा मोडली असे कोणी म्हटले नाही. परंपरेने एक भेद नीट ओळखला आहे : कोणता नियम सोडला तर व्रत मोडते, आणि कोणती वाट बदलली तरी ते टिकते. गेलेल्या वाटेचे आणि बुडालेल्या गावांचे दुःख तरीही खरे असते, आणि ते नव्या वाटेवरून चालणाऱ्याने विसरायचे नसते.

स्टीव्हन्सचा हिशेब मी याच मापाने करतो. त्याने आपल्या पुस्तकात वळसा लपवला नाही. कुठे अडवले, कुठे बोट घेतली, कुठून पुन्हा चाकावर बसला, हे तो लिहितो. त्याची मते आज आपल्याला खटकतात, पण हा मुख्य नियम त्याने पाळला. त्याचा प्रवास मोडला नाही, असे मला वाटते.

जाता जाता विष्णुभट गोडसे यांचे स्मरण करतो. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, कारण बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या आणि दक्षिणा मिळून घरचे कर्ज फिटेल अशी आशा होती. आपल्या महूच्या आसपास पोचेपर्यंत बंडाची बातमी आली. मथुरेचा यज्ञ राहिला. पुढे ग्वाल्हेर, झाशी, झाशीचा वेढा, लुटालूट, भूक, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घर. ठरलेली वाट सुटली म्हणून 'माझा प्रवास' हे पुस्तक आपल्याला मिळाले. यज्ञ यथासांग पार पडला असता तर दक्षिणेची यादी तेवढी उरली असती. ते हस्तलिखित भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापले म्हणून आपल्यापर्यंत आले.

आपल्या घरांत अशी किती हस्तलिखिते आहेत, किंवा न लिहिलेल्या किती गोष्टी आहेत, त्या आता फार दिवस राहणार नाहीत. ज्यांनी त्या आजीच्या तोंडून ऐकल्या ती पिढी आज या सभागृहातल्या पुढच्या दोन रांगांत बसली आहे. माझी विनंती एवढीच आहे. या वर्षी प्रत्येकाने आपल्या घरचा एक कागद लिहावा. मूळ गाव आणि आजचे गाव एवढे लिहून थांबू नये. पूर्वज कुठे निघाले होते, कुठे अडले, कोणी अडवले, आणि त्या रात्री त्यांना भाकरी कोणी दिली, ते लिहावे. नाव आठवत नसेल तर जात, धंदा, गाव, काय आठवेल ते लिहावे. माळव्यात आपली घरे उभी राहिली ती त्या भाकरीवर. ती देणाऱ्याचा उल्लेख आपल्या कागदांत नसेल, तर आपला हिशेब अजून पुरा झालेला नाही.